मास्टॉइडच्या पोकळीची सफाई : कान-नाक-घसा विभागातील नव्या निवासी डॉक्टरांसाठी

पदव्युत्तर शिक्षणाच्या पहिल्या वर्षी ओपीडीतील सूक्ष्मदर्शकावर बहुधा सर्वांत नव्या निवासी डॉक्टरलाच बसवतात, आणि मास्टॉइडची, म्हणजे कानामागच्या हाडाची, शस्त्रक्रिया होऊन कित्येक वर्षे झालेले रुग्ण ‘कान साफ करून द्या’ एवढेच सांगत त्याच्यासमोर येतात. हे काम कमी प्रतीचे आहे, अशी माझीही तेव्हा समजूत होती. निरोगी कानात पडद्यावरची आणि नळीतली त्वचा हळूहळू बाहेर सरकते व मळ सोबत घेऊन येते. परंतु कोलेस्टिटोमा (मधल्या कानात वाढून हाड झिजवणारी त्वचेची गाठ) काढताना नळीची मागची हाडाची भिंत काढावी लागली, की ही वाट मोडते आणि त्या रुंद, कोनाकोपऱ्यांच्या पोकळीत मृत त्वचेचे पापुद्रे साचू लागतात. त्यामुळे सहा महिन्यांनी किंवा वर्षाने येणाऱ्या अशा रुग्णाची सफाई हा त्याच्या शस्त्रक्रियेचाच आयुष्यभर चालणारा भाग आहे, असे मी आता मानतो.

ही समजूत बदलली ती माझ्याच चुकीमुळे. शेतात काम करणाऱ्या एका मध्यमवयीन गृहस्थांच्या कानात आतल्या बाजूला कोरडी, घट्ट खपली होती. बाहेर रांग लागली होती, म्हणून मी ती चिमट्याने धरून ओढली आणि उरलेल्या भागावर बराच वेळ सक्शन (मळ शोषून घेणारी बारीक नळी) लावून धरले. क्षणात त्यांचे डोळे एका बाजूला झटके देऊ लागले, त्यांनी टेबलाची कड घट्ट धरली आणि त्यांना उलटी झाली. अशा पोकळीत आतल्या कानातील तोल सांभाळणारी आडवी अर्धवर्तुळाकार नलिका जवळजवळ उघडीच असते; सक्शनने तिथली हवा थंड झाली, की आतला द्रव हलतो आणि रुग्णाला सारे गरगरते. कान गार किंवा कोमट पाण्याने धुऊन तोलाची तपासणी याच तत्त्वावर केली जाते, आणि तोलाच्या इंद्रियावरील कामासाठी रॉबर्ट बारानी यांना १९१४ चे नोबेल पारितोषिक मिळाले, हे परीक्षेसाठी मी पाठ केले होते. पण समोरच्या माणसाशी त्याचा संबंध मला त्या दिवशी कळला.

तेव्हापासून मी रुग्णाला बसवून नव्हे, तर झोपवूनच सफाई करतो. सक्शनचा आवाज कानात फार मोठा येईल आणि थोडी चक्कर येऊ शकेल, हे त्याला आधी सांगतो. कधीकधी खोकलाही येतो, कारण मेंदूपासून घसा-छातीपर्यंत जाणाऱ्या व्हेगस नसेची एक फांदी कानाच्या नळीत असते. शस्त्रक्रियेचा जुना कागद शक्यतो मागून घ्यावा, कारण चेहऱ्याच्या नसेवरचे हाड उघडे होते का, नलिकेला छिद्र होते का, हे त्यावरच कळते. मग कशालाही हात न लावता पोकळी पूर्ण पाहून घ्यावी. सक्शन थोडा थोडा वेळ लावावे. खपली कडेने सुटत असेल तर काढावी. सुटत नसेल तर ओढू नये, सोडियम बायकार्बोनेटचे थेंब देऊन आठवड्याने पुन्हा बोलवावे. रुग्ण हे सहसा समजून घेतात; मात्र लांबच्या गावाहून एसटीने आलेल्या माणसाला पुन्हा यायला सांगताना मन खट्टू होते, म्हणून मी शक्य तेव्हा थेंब घालून त्याला तासभर बाहेर बसवतो आणि पुन्हा पाहतो.

लाल, मऊ मांसाचा कोंब दिसला, तर तो चेहऱ्याच्या नसेवर बसलेला नाही याची खात्री होईपर्यंत त्याला सिल्व्हर नायट्रेट लावू नये. कुजका वास, वाहता कान आणि पांढरी, मोत्यासारखी गाठ यांपैकी काहीही दिसले, तर सफाई थांबवून वरिष्ठांना बोलवावे, कारण कोलेस्टिटोमा पुन्हा झालेला असू शकतो. पावसाळ्यात काळे ठिपके असलेली ओली बुरशी वारंवार आढळते. ती पूर्ण काढल्याशिवाय क्लोट्रिमॅझोलचे थेंब पुरेसे काम करत नाहीत, आणि अशा रुग्णाची साखर तपासलेली बरी. घरी कोमट तेल घालण्याची सवय अनेकांना असते; रागावण्यापेक्षा, तेल त्या पोकळीत साठून राहते हे त्यांना मॉनिटरच्या पडद्यावर दाखवले की पटते.

त्या गृहस्थांची चक्कर काही मिनिटांत थांबली. जाताना त्यांनी विचारले की, विहिरीत पोहायला उतरल्यावरही असेच गरगरते, ते याचमुळे का. गार पाण्यात चक्कर आली की वर कोणते आणि खाली कोणते हे कळेनासे होऊन माणूस बुडू शकतो, हे तोवर त्यांना कोणीही सांगितलेले नव्हते. मी तो प्रश्न तेव्हापासून प्रत्येक रुग्णाला आधीच विचारतो.