क्लाऊड गेमिंग: मोठा प्लॅन घेण्याआधी घरातला वायफाय तपासा

क्लाऊड गेमिंग म्हणजे गेम कंपनीच्या सर्व्हरवर चालतो आणि आपल्याकडे फक्त त्याचा व्हिडिओ येतो. ते सुरू करायचं म्हटलं की पहिला सल्ला ठरलेला असतो: ‘३०० एमबीपीएसचा प्लॅन घे.’ हा सल्ला चुकीचा आहे आणि त्यापायी लोकांचे दरमहा पैसे वाया जातात. १०८०पी (फुल एचडी) आणि सेकंदाला ६० फ्रेम (चित्रं) एवढ्यासाठी जीफोर्स नाऊ ही एनव्हिडियाची क्लाऊड गेमिंग सेवा २५ एमबीपीएस मागते. एवढा वेग साध्या फायबर जोडणीलाही असतो. तरीही खेळ अडखळतो, कारण अडचण वेगाची नसून उशिराची असते.

तुम्ही बटण दाबता, ते सर्व्हरपर्यंत जातं, तिथे गेम पुढचं चित्र तयार करतो, त्याचा व्हिडिओ होतो, तो परत येतो आणि पडद्यावर उमटतो. सेकंदाला ६० फ्रेम म्हणजे एका फ्रेमच्या वाट्याला जेमतेम १६.७ मिलिसेकंद. यूट्यूब पुढचे काही सेकंद आधीच उतरवून ठेवतं, त्यामुळे नेट मध्येच अडलं तरी आपल्याला कळत नाही. गेमला ती सोय नाही. पुढच्या क्षणी तुम्ही काय दाबणार हे सर्व्हरला आधी कसं कळणार?

१. सेवा निवडा

भारतात सर्व्हर असलेलीच घ्या. एक्सबॉक्सची क्लाऊड सेवा नोव्हेंबर २०२५ मध्ये इथे अधिकृतपणे सुरू झाली. व्हीपीएन (आपण दुसऱ्या देशात आहोत असं भासवणारी सोय) लावून युरोपातल्या सर्व्हरवर खेळायचे सल्ले अजून फिरतात, ते सोडून द्या. मुंबई ते लंडन सरळ रेषेत सुमारे ७,२०० किलोमीटर आहे. फायबरमधून प्रकाश सेकंदाला साधारण दोन लाख किलोमीटर जातो, म्हणजे नुसत्या जाण्यायेण्यातच किमान ७० मिलिसेकंद गेले. हे कुठलाही प्लॅन कमी करू शकत नाही.

२. कंट्रोलर

यूएसबी वायरने जोडा. ब्लूटूथ २.४ गिगाहर्ट्झवर चालतं आणि त्याच पट्ट्यात जुना वायफायही असतो.

३. उशीर नेमका कुठे होतो ते शोधा

सगळी मेख इथेच आहे आणि नेमकी हीच पायरी लोक गाळतात. स्पीड टेस्टचा मोठा आकडा बघून समाधान मानू नका. नेट रिकामं असताना घेतलेला आकडा खेळताना काय होईल ते सांगत नाही.

आधी राउटरलाच पिंग करा, म्हणजे त्याला छोटा संदेश पाठवून उत्तर यायला किती मिलिसेकंद लागतात ते मोजा; संगणकावरच्या ‘ping’ या आज्ञेने हे करता येतं. त्याचा पत्ता बहुधा १९२.१६८.१.१ असतो, राउटरच्या मागे लिहिलेला सापडेल. जिथे बसून खेळणार तिथूनच, पाचेक मिनिटं पिंग चालू ठेवा. आकडे एक ते पाच मिलिसेकंदांत स्थिर राहिले तर वायफाय ठीक आहे. मध्येच ५०, ८०, १२० अशा उड्या दिसल्या तर दोष घरातच आहे. इंटरनेट कंपनी बदलून काडीचाही फरक पडणार नाही. सरासरी बघू नका, उड्या बघा. स्थिर ४० मिलिसेकंदांची हाताला सवय होते. २० वरून ९० आणि परत २० असं चालू राहिलं तर कधीच होत नाही.

यावर खात्रीचा उपाय एकच: लॅन केबल. फायबर बसवणारा माणूस वायर घरात शिरते तिथेच, बहुधा दाराजवळ, राउटर ठोकून जातो. दोन काँक्रीटच्या भिंतींपलीकडे वायफायचा ५ गिगाहर्ट्झचा सिग्नल अर्धमेला होतो आणि मोबाइल गुपचूप २.४ वर सरकतो. केबल ओढणं कटकटीचं आहे, तरी ओढा. बऱ्याच टीव्हींचं लॅन पोर्ट १०० एमबीपीएसचंच असतं म्हणून लोक ते टाळतात. इथे १०० भरपूर आहेत. केबल अगदीच अशक्य असेल तर राउटर खेळायच्या खोलीत हलवा आणि ५ गिगाहर्ट्झच्या वायफायला वेगळं नाव द्या, म्हणजे मुद्दाम त्यालाच जोडता येईल. स्वस्तातला रिपीटर (सिग्नल पुढे पाठवणारं यंत्र) मात्र कृपा करून घेऊ नका. तो प्रत्येक पॅकेट दोनदा हवेत सोडतो, म्हणजे सिग्नलच्या कांड्या वाढतात आणि उशीरही वाढतो.

आता दुसरी चाचणी. बाहेरच्या एखाद्या पत्त्याला पिंग चालू ठेवा आणि त्याच वेळी मोबाइलवरून मोठा व्हिडिओ अपलोड करा. पिंग २० वरून २०० वर गेला तर अपलोडची रांग तुंबते आहे. तुमचं बटण त्या व्हिडिओच्या मागे उभं राहतं. रोजच्या खेळात हेच काम घरातल्यांच्या फोनचे फोटो बॅकअप आणि क्लाऊडला जोडलेला सीसीटीव्ही करतात, म्हणून ‘संध्याकाळीच नेट बिघडतं’ असं वाटतं. राउटरमध्ये एसक्यूएम (ही रांग आटोक्यात ठेवणारी सोय) असेल तर ते चालू करून अपलोड आणि डाउनलोड दोन्हींची मर्यादा खऱ्या वेगाच्या ८५ ते ९० टक्क्यांवर ठेवा. थोडा वेग जातो, पण रांग तुमच्या ताब्यात येते. कंपनीने दिलेल्या राउटरमध्ये ही सोय बहुधा नसते. पैसे खर्चच करायचे असतील तर मोठ्या प्लॅनवर नको, अशा राउटरवर करा.

४. टीव्ही

गेम मोड चालू, चित्र गुळगुळीत करणारी सेटिंग बंद.

५. डेटा

२५ एमबीपीएसला तासाला सुमारे ११ जीबी जातात. मोबाइलचा रोजचा २ जीबीचा पॅक १० एमबीपीएसवरही अर्ध्या तासाच्या आत संपतो.

६. काय खेळायचं

सगळं जमवल्यावरही काही खेळ क्लाऊडवर खेळू नयेत, हे माझं ठाम मत आहे. टेकन किंवा स्ट्रीट फायटरसारख्या मारामारीच्या खेळांत हिशोब फ्रेममध्ये असतो; तिथे सर्व्हरवरून येणाऱ्या चित्रावर स्पर्धा करू नका. तालावर बटण दाबायचे खेळ आणि रँकवाले नेमबाजीचे खेळही तसेच. सिव्हिलायझेशनसारखे पाळीपाळीने खेळायचे, गोष्टीचे, कोड्यांचे खेळ मात्र सुंदर चालतात. साध्या लॅपटॉपवर एरवी उघडलेही नसते असे मोठे गेम चालताना बघणं हा खरा आनंद आहे, आणि त्यासाठीच ही सगळी खटपट करण्यासारखी आहे.

७. गेम विकत घेताना

गुगलची स्टेडिया ही क्लाऊड गेमिंग सेवा नोव्हेंबर २०१९ मध्ये सुरू झाली आणि १८ जानेवारी २०२३ ला बंद पडली. गुगलने गेमचे पैसे परत केले, पण पुढची कंपनी करेलच असं नाही. म्हणून एकाच क्लाऊडवर चालणारा गेम पूर्ण किमतीला घेऊ नका. जीफोर्स नाऊवर स्टीम या संगणकाच्या गेमच्या ऑनलाइन दुकानातून घेतलेले गेम चालतात, आणि उद्या संगणक घेतलात तर तेच गेम त्यावरही उतरवता येतात. फक्त खरेदीआधी तो गेम जीफोर्स नाऊच्या यादीत आहे का ते बघा, कारण प्रकाशक गेम काढूनही घेतात. फेब्रुवारी २०२० मध्ये ॲक्टिव्हिजन ब्लिझार्ड या मोठ्या प्रकाशकाने तेच केलं होतं. आणि वर्गणी सुरुवातीला एकाच महिन्याची घ्या. त्या महिन्यात रात्री नऊ-दहाच्या सुमारास, घरातले सगळे नेटवर असताना खेळून बघा.