नदीच्या पाण्यात औषधं शोधताय? मशीनला शिव्या घालण्याआधी या चुका टाळा

मुळा-मुठेचं पाणी आणलं, एलसी-एमएस-एमएसवर (पाण्यातले रेणू वेगळे करून वजनावरून ओळखणारं मशीन) चालवलं, माणसांच्या चहा-कॉफीतलं कॅफिन ढीगभर आलं, आम्ही खूश की बघा किती सांडपाणी मिसळतंय. मग फील्ड ब्लँक (नदीवर नेऊन आणलेलं शुद्ध पाणी) लावला तर त्यातही कॅफिन! आता त्यातलं नदीचं किती आणि पुलावर उभं राहून मारलेल्या कटिंगचं किती, काय सांगणार? अख्खी बॅच फुकट.

आपण मोजतो नॅनोग्रॅम प्रति लिटरमधे, म्हणजे १०० कोटी लिटर पाण्यात १ ग्रॅम. एवढ्या बारीक मापात तुमचा हातच सगळ्यात मोठा प्रदूषक असतो. सनस्क्रीन, मच्छर क्रीममधलं डीट, गुडघ्याला चोळलेलं डायक्लोफेनॅकचं जेल, सगळं बाटलीत उतरतं. सॅम्पलिंगच्या दिवशी यातलं काही लावायचं नाही, चहा नंतर, नायट्राइल ग्लोव्हज दर पॉइंटला नवीन. आणि फील्ड ब्लँक म्हणजे लॅबमधे भरून लॅबमधेच ठेवलेली बाटली नव्हे हो, लॅबचं शुद्ध पाणी नदीवर न्यायचं, तिथे उघडून दुसऱ्या बाटलीत ओतायचं आणि बाकी सॅम्पलसारखंच सगळं करायचं.

बाटली अंबर काचेचीच घ्या, डायक्लोफेनॅक उजेडात तुटतं. लगेच बर्फात ठेवा. एसटीपीच्या (सांडपाणी शुद्ध करणाऱ्या प्लँटच्या) आउटलेटला, म्हणजे पाणी बाहेर पडतं तिथे, क्लोरीन मारत असतील तर तिथल्या तिथे अॅस्कॉर्बिक अॅसिड टाका, नाहीतर पॅरासिटामॉल आणि सल्फामेथॉक्साझोल गाडीतच कमी होत येतात आणि आपण लिहितो की प्लँट मस्त चाललाय.

पीएचची गंमत वेगळीच. आयबुप्रोफेनसारखी आम्लधर्मी औषधं एसपीई कार्ट्रिजवर (पाण्यातली औषधं पकडून ठेवणारी छोटी नळी) नीट धरावीत म्हणून बरेच जण सॅम्पल पीएच २ ला आणतात, पण त्याच आम्लात एरिथ्रोमायसिनचा पाण्याचा एक रेणू गळून पडतो. तुम्ही ७३४ वजनाचा आयन (विद्युतभारित रेणू) शोधत बसता आणि औषध ७१६ वर जाऊन बसलेलं असतं! टेट्रासायक्लिन धातूंना चिकटतं, त्याला ईडीटीए (धातू पकडून ठेवणारं रसायन) लागतं. अमेरिकेच्या ईपीए या पर्यावरण संस्थेची २००७ ची मेथड १६९४ आहे ना, त्यात औषधांचे गट पाडून काही पीएच २ ला आणि काही पीएच १० ला काढतात, ते उगाच नाही. एका कार्ट्रिजमधे शंभर औषधं काढायचा हट्ट सोडा.

आता सगळ्यात जास्त फसवणारी गोष्ट, मॅट्रिक्स इफेक्ट. स्टँडर्ड (माहीत असलेल्या मापाचं औषध) शुद्ध सॉल्व्हंटमधे बनवलं की मोजणीचा कर्व्ह सरळ रेषेत, आर-स्क्वेअर ०.९९९, मन प्रसन्न, पण गटाराच्या पाण्यातली घाण मशीनच्या सोर्समधे औषधाचं आयनायझेशन (रेणूला विद्युतभार मिळणं) दाबते आणि ६० टक्के दाबलं तर १०० चे ४० दिसतात, मशीन बिचारं काहीच बोलत नाही. त्यावर उपाय म्हणजे आयसोटोप लावलेलं इंटर्नल स्टँडर्ड (त्याच औषधाचा थोडा जड जुळा, ठरलेल्या मापात), उदाहरणार्थ फिट्सवरच्या कार्बामाझेपिनसाठी कार्बामाझेपिन-डी१०, आणि ते एक्स्ट्रॅक्शनच्या आधी टाकायचं. महाग आहे म्हणून एकाच स्टँडर्डवर वीस औषधं भागवली तर आकडे काहीही येतील, हे माझं स्पष्ट मत.

रनचा क्रमसुद्धा बघा. इनलेटचं (प्लँटमधे येणाऱ्या पाण्याचं) घाण सॅम्पल आधी आणि स्वच्छ नदी नंतर लावली की कॅरीओव्हर, म्हणजे आधीच्याचे अंश पुढच्यात, आलाच. हैदराबादजवळच्या पाटनचेरूत औषध कंपन्यांचं सांडपाणी शुद्ध करणाऱ्या प्लँटच्या बाहेर पडणाऱ्या पाण्यात सिप्रोफ्लॉक्सॅसिन हे अँटिबायोटिक लिटरला ३१ मिलिग्रॅमपर्यंत सापडल्याचं २००७ मधे छापून आलं होतं, मिलिग्रॅम बरं का! असलं पाणी डायल्यूट न करता टाकलं तर पुढचे चार दिवस मशीनचा कॉलम (रेणू वेगळे करणारी नळी) धुत बसा.

आणि कधी आउटलेटला कार्बामाझेपिन इनलेटपेक्षा जास्त आलं तर लगेच लेबलं अदलाबदल झाली म्हणून कुणावर ओरडू नका. शरीरात औषधाला जोडलेली साखर प्लँटमधले जीवाणू तोडतात, मूळ औषध पुन्हा मोकळं होतं. शिवाय सकाळी इनलेटला घेतलेलं पाणी बाहेर पडतं काही तासांनी, तुम्ही दोन्हीकडे एकाच वेळी बाटली बुडवली असेल तर ते पाणी वेगळंच. २४ तासांचं कॉम्पोझिट (थोडं थोडं घेऊन एकत्र केलेलं सॅम्पल) घ्या, मग बोलू.