गव्हाचा संकर: रंग, उंची मोजताना या चुका टाळा

पांढऱ्या दाण्याच्या गव्हाच्या ओंबीतले परागकोश चिमट्याने काढले, तांबड्या गव्हाचे पराग झटकले, बटरपेपरची पिशवी चढवली. दाणे भरले, वाळले, बघतो तर सगळे पांढरेच. ‘संकर फसला’ म्हणून पाकीट इथेच फेकलं जातं. फेकू नका. गव्हाचा तांबडेपणा बीजावरणात असतो आणि बीजावरण आईचं. आतला गर्भ संकरित, वरचा अंगरखा माहेरचा!

हे दाणे पेरले की एफ-1, म्हणजे संकराच्या पहिल्या पिढीच्या, झाडांवर तांबडे दाणे येतात. सगळेच तांबडे, आणि दुसरी फसगत इथे होते. या दाण्यांतला गर्भ एफ-2 चा, म्हणजे दुसऱ्या पिढीचा, असला तरी बीजावरण एफ-1 चं, त्यामुळे त्यांत तांबड्या-पांढऱ्याचं गुणोत्तर शोधून काही हाती लागत नाही. ते दिसतं पुढच्या रब्बीत, एफ-2 झाडांच्या ओंब्यांत. तेव्हाही दाणे नाही, झाडं मोजायची. एका झाडाचे सगळे दाणे एकाच रंगाचे.

झाडं किती? आनुवंशिकीतज्ज्ञ निल्सन-एले यांनी स्वीडनमध्ये स्वालॉफला 1909 च्या सुमारास एका संकरात दाखवलं ते 63:1, म्हणजे 63 तांबड्यांमागे एक पांढरं; रंगाचे तीन जनुक. अशा संकराची 60 झाडं लावलीत तर एकही पांढरं न निघण्याची शक्यता 39 टक्के. ती 5 टक्क्यांवर आणायला 190 झाडं लागतात. आणि सगळ्यात फिकट तांबडा दाणा पांढऱ्यात सहज खपतो, विशेषतः कापणीआधी पाऊस लागला असेल तर. अशा वेळी डोळ्यांवर विसंबू नये. कॉस्टिक सोड्याच्या 5 टक्के द्रावणात दाणे भिजवले की तांबडा गर्द होतो, पांढरा गवती पिवळाच राहतो.

दोन बुटक्या वाणांच्या संकरात एफ-2 मध्ये उंच झाडं आली की भेसळीचा संशय घेऊन ती उपटली जातात. एका वाणात 4बी या गुणसूत्रावरचा बुटकेपणाचा जनुक आणि दुसऱ्यात 4डी वरचा असेल, तर 16 त एक झाड दोन्हींवाचून असणारच. ते हिशेबातलंच आहे.

उंचीची आनुवंशिक तफावत काढताना एफ-2 च्या एकूण तफावतीतून पालक आणि एफ-1 मधली, म्हणजे पर्यावरणाची, तफावत वजा करतात. उत्तर उणे आलं तर आकडेमोड तपासण्याआधी शेताचा नकाशा काढा. दोन्ही पालकांच्या ओळी सोयीसाठी कडेला पेरलेल्या असतात. तिथे एक झाड बांधाच्या सावलीत, शेजारचं मोकळ्यावर. हीच वाढलेली तफावत पर्यावरणाची म्हणून एफ-2 मधून वजा होते. पालक, एफ-1 आणि एफ-2 एकाच वाफ्यात, आलटूनपालटून पेरा. कडेची ओळ मोजूच नका.