सरकारी उपचार-मार्गदर्शिका लिहिताना

आधी प्रश्न नेमका करा. ‘रक्तदाबावर उपचार’ हा विषय झाला. कोणता रुग्ण, कोणता उपाय, कशाच्या तुलनेत, कोणता परिणाम, हे चारही आले की प्रश्न होतो. मार्गदर्शिका लिहिणाऱ्या समितीच्या सदस्यांकडून हितसंबंधांची (औषध कंपन्यांशी आर्थिक नातं वगैरे) लेखी घोषणा आरोग्य खात्याने समिती नेमण्याआधीच घ्यावी. नंतर मागितली की कुरबुरी सुरू होतात.

पुराव्याची प्रत, म्हणजे तो किती भरवशाचा, हे ‘ग्रेड’ (GRADE) या पुरावा जोखण्याच्या पद्धतीने ठरवा: उच्च, मध्यम, कमी, अतिकमी. यादृच्छिक चाचण्या (रुग्णांना चिठ्ठी टाकल्यासारखं गटांत वाटून केलेल्या) उच्चपासून सुरू होतात. पक्षपात, विसंगती किंवा तोकडी रुग्णसंख्या दिसली की प्रत घसरते. शिफारशीचं बळ मात्र वेगळं ठरतं, त्यात फायदा-तोटा, खर्च, रुग्णाची पसंतीही येते. बहुतेक मसुद्यांत गल्लत इथेच होते.

‘गरजेनुसार औषध द्यावे’ हे वाक्य ओपीडीत निरुपयोगी. मात्रा किती, कधी वाढवायची, कधी थांबवायची, तेच लिहा. आणि फेरआढाव्याची तारीख मुखपृष्ठावरच छापा.