पुण्याहून मुंबईत गाडी नेताय? आधी कुठे उतरायचं ते ठरवा

पेट्रोल, हवा, कागदपत्रं हे सांगायला नको. फास्टॅगमध्ये पैसे आहेत का ते मात्र आदल्या रात्रीच बघा, केवायसी रखडलं असेल तर तेही उरका. टॅग चालला नाही तर एक्सप्रेसवेवर दुप्पट टोल बसतो. आणि फास्टॅगचा वार्षिक पास काढलाय म्हणून निर्धास्त राहू नका. तो राष्ट्रीय महामार्गांवर चालतो. मुंबई-पुणे एक्सप्रेसवे, अटल सेतू, सी लिंक हे सगळे राज्याकडचे रस्ते, तिथे त्याचा काडीचा उपयोग नाही.

मग मोबाईलवरच्या नकाशात ‘टोल टाळा’चं बटण शोधा. ते पनवेलपर्यंत बंद ठेवा. चालू राहिलं तर नकाशा एक्सप्रेसवे सोडून भलतीकडे नेतो, आणि जुना हायवे धरलात तरी त्यावर टोलनाके आहेतच. एक्सप्रेसवेचे कारला ३२० रुपये पडतात, ते मोजा आणि वेळ वाचवा. पनवेलच्या आधी थांबाल तेव्हा बटण चालू करा. मुंबईच्या वेशीवरचे पाचही नाके, म्हणजे वाशी, ऐरोली, दहिसर आणि मुलुंडचे दोन, ऑक्टोबर २०२४ पासून छोट्या गाड्यांना माफ आहेत. त्यामुळे वाशीमार्गे शिरलात तर पुढे पैसा लागत नाही.

अटल सेतू घ्यायचा की नाही? फोर्ट, कुलाब्याला जायचंय आणि सकाळची ऑफिसची वेळ आहे, तर २५० रुपये द्या, शिवडीला थेट पोचता. चेंबूर, घाटकोपर, अंधेरीला जायचं असेल तर त्या वाटेला जाऊच नका. हा निर्णय पनवेल यायच्या आत झाला पाहिजे. पुलावर चढल्यावर विचार बदलून चालत नाही, मधे समुद्र आहे.

वाशीचा खाडीपूल ओलांडून मानखुर्द मागे टाकलं की पांजरापोळहून दक्षिण मुंबईकडे जाणारा ईस्टर्न फ्रीवे धरा. चौदा किलोमीटरच्या आसपास रस्ता, ना सिग्नल ना टोल. शेवटी ऑरेंज गेटपाशी पी. डिमेलो रोडवर तुंबतं, तेवढा वेळ धरून चला. फ्रीवेवरून मधे उतरायच्या जागा मोजक्याच आहेत, तुमची कुठली ते घरीच बघून ठेवा.

आता मुख्य मुद्दा: कोस्टल रोडवरून उतरायचं कुठे? मरीन ड्राइव्हहून उत्तरेकडे निघालात की गिरगाव चौपाटीजवळ गाडी बोगद्यात शिरते, दोन किलोमीटर आत असते आणि प्रियदर्शिनी पार्कपाशी बाहेर येते. बोगद्यात नकाशावरचा बाण गोठतो. बाहेर पडल्यावर तो भानावर येईपर्यंत फाटे सुरू झालेले असतात: ब्रीच कँडीसाठी अमरसन्स, ताडदेव-महालक्ष्मीसाठी हाजी अली, मग वरळी. वरळीचा फाटा चुकला की गाडी सरळ सी लिंकवर जाते. तिथे वळायला जागा नाही, थांबता येत नाही, आणि वांद्र्याला टोलनाक्यावर शंभर रुपये. मागच्या खेपेला आमचं हेच झालं. जायचं होतं प्रभादेवीला आणि गाडी वांद्र्यात. शंभर रुपयांपेक्षा माहीमपासून मागे यायला जो वेळ गेला तो जास्त लागला. म्हणून सांगते, कोस्टल रोडला लागण्याआधी फाट्याचं नाव मोठ्याने म्हणा. शेजारी बसणाऱ्याला कागदावर लिहून द्या: ‘वरळी, डावीकडे बघ.’ वरळीला उतरायचंय, तर बोगद्यातून बाहेर येताच डावी लेन धरा. उजवीकडून कोणी सुसाट जात असेल तर जाऊ दे. कोस्टल रोडला टोल नाही हे खरं, पण फाटा चुकलात तर आहे.

दादर-परळकडे जाणार असाल तर पुलांची चौकशी करा. सायनचा रेल्वेवरचा पूल २०२४ मध्ये बंद केला, एल्फिन्स्टनचा २०२५ मध्ये. जुन्या सवयीने निघालात तर परळहून प्रभादेवीला जायला दादरच्या टिळक पुलाला नाहीतर करी रोडच्या पुलाला वळसा पडतो, आणि टिळक पुलावर सगळेच येतात.

पार्किंग आधी ठरवा. दक्षिण मुंबईत शोधत फिरण्यात अर्धा तास जातो.

परत येताना शनिवारी सकाळी किंवा सलग सुट्ट्यांच्या पहिल्या दिवशी निघू नका, घाटात अडकाल. दुसऱ्या दिवशी या. नाहीतर पहाटे पाचला निघा. आणि निघताना पुन्हा तेच: चढायचं कुठे, उतरायचं कुठे, कागदावर. फ्रीवेने वाशीकडे येताना शिवडीपाशी अटल सेतूचा फाटा लागतो, पाटी नीट वाचा, चुकून त्यावर चढलात तर २५० रुपये आणि थेट उरणकडची बाजू.