एकच उतारा, आठवडाभर

मराठवाड्यातील मराठी माध्यमाच्या शाळांमध्ये नववी-दहावीची अनेक मुले इंग्रजी व्याकरणाचे नियम वेगळे पाठ करतात, शब्दार्थांची वही वेगळी भरतात आणि उतारे परीक्षेच्या तोंडावर सोडवतात. त्याऐवजी ही तिन्ही कामे एकाच लहान उताऱ्यावर आठवडाभर करावीत, असे मी आग्रहाने सांगेन. उतारा ओळखीच्या विषयावरचा असावा, जसे की १९८३ मध्ये जागतिक वारसा यादीत आलेली वेरूळची लेणी. कैलास मंदिर एकाच खडकातून वरून खाली कोरत आणले, हे आधीच ठाऊक असल्यामुळे अडलेल्या शब्दाचा अर्थ संदर्भावरून काढता येतो आणि शब्दकोश केवळ पडताळणीसाठी उघडावा लागतो. अशा मजकुरात ‘वॉज कार्व्ड’सारखी कर्मणी रचना वारंवार येते, जेथे कर्ता दिलेला असेल तेथे ती वाक्ये कर्तरीत लिहून पाहावीत.

खरा वेळ मात्र ‘अ’, ‘अ‍ॅन’, ‘द’ या उपपदांना आणि ‘इन’, ‘ऑन’, ‘अ‍ॅट’ यांसारख्या अव्ययांना द्यावा, कारण मराठीत अशी उपपदे नाहीत आणि शब्दयोगी अव्यय नामाच्या आधी नव्हे, तर नंतर येते, त्यामुळे आपल्या मुलांच्या चुका येथे हमखास होतात. उतारा वहीत उतरवताना या शब्दांच्या जागा रिकाम्या सोडाव्यात, दुसऱ्या दिवशी त्या पुस्तक न पाहता भराव्यात आणि मग मूळ मजकुराशी ताडून पाहाव्यात. नवे शब्द पाच-सहाच घ्यावेत, पण प्रत्येकाचे स्वतःचे वाक्य लिहावे. बालभारतीची पाठ्यपुस्तके संकेतस्थळावर विनामूल्य मिळतात, त्यामुळे उताऱ्यांसाठी वेगळे गाइड विकत घेण्याची गरज नाही.