क्लायंटला ड्रॉइंग पाठवताना या चुका टाळा

धायरीतल्या एका फ्लॅटच्या स्वयंपाकघराचा प्लॅन मी मोबाइलवर पाठवला. काकूंचं लगेच उत्तर आलं, "छान आहे, करा सुरू." आठ दिवसांनी सुतारानं लॉफ्टची फ्रेम ठोकली आणि काकू दारातच थबकल्या. "हे डोक्यावर काय आलं? माझा हात कसा पोचणार तिथे?" प्लॅनमध्ये लॉफ्ट, म्हणजे सामान ठेवायचा माळा, होता, ओट्यावरून गेलेल्या तुटक रेषांनी दाखवलेला. काकूंना ती टाइल्सची नक्षी वाटली होती. तुटक रेष म्हणजे डोक्यावरची वस्तू, हे आम्हाला कॉलेजच्या पहिल्या वर्षी शिकवलं जातं. त्यांना ते कुणी सांगायचं? मीच सांगायला हवं होतं.

तेव्हापासून "छान आहे" या उत्तराला मी मंजुरी धरत नाही. कळलं नाही असं बोलून दाखवायला माणसांना संकोच वाटतो, वयानं मोठ्या माणसांना तर जास्तच. म्हणून प्लॅनसोबत एक नेमका प्रश्न पाठवा: "फ्रिजचं दार कुठल्या बाजूला उघडतंय, ते बोटानं दाखवून फोटो पाठवा." उत्तर चुकलं तर प्लॅन कळलेला नाही, हे काम सुरू होण्याआधीच समजतं.

आता फाइलबद्दल. ऑटोकॅड या ड्रॉइंगच्या सॉफ्टवेअरची मूळ डीडब्ल्यूजी फाइल क्लायंटला पाठवू नका. बहुतेकांच्या फोनवर ती उघडत नाही. उघडलीच तर एक्सरेफ (बाहेरून जोडलेली ड्रॉइंग) गायब, फॉन्ट बदललेले, आणि श्रीलिपीच्या जुन्या फॉन्टमध्ये टाइप केलेल्या मराठी सूचनांच्या जागी अगम्य इंग्रजी अक्षरं. शिवाय त्या फाइलमधलं माप कुणीही बदलू शकतं. पीडीएफच द्या, पण ती करताना एक गोष्ट बघा. काळ्या स्क्रीनवर उठून दिसणारी पिवळी रेष पांढऱ्या कागदावर जवळजवळ नाहीशी होते. प्लॉट करताना, म्हणजे छपाईसाठी पीडीएफ काढताना, मोनोक्रोम सीटीबी (रेषांचे छपाईतले रंग ठरवणारी सेटिंग) निवडली की रंगीत रेषा काळ्या येतात.

स्क्रीनशॉट किंवा फोटो तर नकोच. व्हॉट्सअ‍ॅप फोटो दाबून लहान करतं, आकडे फुटतात, आणि २३५० चं २८५० वाचलं जातं. पीडीएफ 'डॉक्युमेंट' म्हणूनच जोडा. ए-१ आकाराचं भरगच्च शीट फोनवर वाचणं कठीण जातं, त्यामुळे ए-३ च्या एका पानावर एकच खोली घ्या.

प्रिंटचा घोळ याहून वाईट, कारण तो लवकर लक्षात येत नाही. १:५० चं (कागदावर १ म्हणजे प्रत्यक्षात ५०) ए-१ शीट निम्म्या लांबी-रुंदीच्या ए-३ वर छापलं की ते १:१०० होतं. क्लायंट कोपऱ्यावरच्या झेरॉक्सवाल्याकडून ए-४ वर 'फिट टू पेज' करून प्रिंट काढतात आणि त्यावर फूटपट्टी ठेवतात. प्रत्येक पानावर ठळक लिहा: "पट्टीनं मोजू नका, लिहिलेली मापं घ्या." शक्य असेल तर आलेखी मोजपट्टीही (ड्रॉइंगमध्येच काढलेली, मीटरच्या खुणांची पट्टी) काढा, ती कागदाबरोबरच लहान-मोठी होते.

मापं मिलिमीटरमध्ये असली तरी पुण्यातलं घर अजून फुटांतच बोलतं. ३०५० x ३६६० च्या खाली "सुमारे १० x १२ फूट" लिहिलं की क्लायंटच्या डोळ्यांसमोर खोली उभी राहते. सुताराला मात्र मिलिमीटरचंच ड्रॉइंग द्या.

महापालिकेच्या मंजुरीचा नकाशा पुढे पाठवत असाल तर रंगांचा अर्थ लिहा. पिवळ्या तिरक्या रेषा म्हणजे पाडायचं बांधकाम आणि लाल म्हणजे नवं प्रस्तावित काम. महत्त्वाचं म्हणून पिवळं केलंय, असं वाटणं अगदी साहजिक आहे.

आणि 'फायनल', 'फायनल नवीन', 'फायनल पक्कं' ही नावं आजच बंद करा. क्लायंट फाइल थेट सुताराला फॉरवर्ड करतो, आणि त्याच्या फोनमध्ये तिन्ही पडून असतात. नावात आर-१, आर-२ (आर म्हणजे रिव्हिजन, सुधारित आवृत्ती) आणि तारीख घाला, तोच आकडा टायटल ब्लॉकमध्ये, म्हणजे शीटवरच्या माहितीच्या चौकटीत, मोठा छापा, आणि मेसेजमध्ये लिहा: "आर-२ आलं, आर-१ रद्द. सुतारालाही कळवा."

काकूंचा लॉफ्ट आम्ही उतरवला. पुढच्या खेपेला प्लॅनवर लाल पेननं खुणा करून मिनिटभराचा व्हॉइस मेसेज जोडला: ही रेष डोक्यावरची, ही कंबरेएवढी, ही जमिनीवरची. अर्ध्या तासात काकूंचा फोन आला, आणि या वेळी त्यांनी चार प्रश्न विचारले.